धामणीचा बाक

महाल, नागपूर
मंगळवार

तीर्थरूप विक्रमदादास,

चारुशीलाचा नमस्कार. मौद्याला सगळे खुशाल असतील, वहिनींचा गुडघा कुरकुर न करता चालत असेल, अशी आशा. इकडे आम्ही मजेत. मी तर विजयी मुद्रेत आहे.

धनुष्यासाठी बांधावरच्या धामणीच्या झाडाची काठी देताना तू म्हणालास, "बाक हाये तिच्यात. जमन तुले?" दादा, जमलं! (नववीचा वर्ग सरळ केलेली बाई मी, काठीचं काय!) तो बाक तसाच राहिला असता तर दोरी मुठीच्या मधून न जाता बाजूने गेली असती आणि रविवारी लाकडी धनुष्यांच्या स्पर्धेत तुझ्या भाचीचा, नूपुरचा बाण पंचांच्या दिशेने निघाला असता. म्हणून इडलीपात्रात पाणी उकळलं, काठीचा मधला भाग ओल्या टॉवेलात गुंडाळून वाफेवर धरला (त्या दिवशी जेवायला पोहे), आणि चांगली तापल्यावर ह्यांना म्हटलं, गुडघ्यावर घेऊन दाबा. हे दाबत होते छान, पण काठी गार व्हायच्या आत शेजारच्या सिंधूताई दारात आल्या आणि ह्यांनी "या, या" म्हणत दोन्ही हात जोडले. काठी उसळली ती थेट फळीवर. भिवापुरी तिखटाची बरणी खाली! सिंधूताई शिंकत आल्या पावली परत गेल्या. हे डोळे चोळत म्हणाले, "काहून छळून राहिली वं त्या लाकडाले?"

पण मी खचणारी नव्हे. चूक कळली होती: गरम लाकूड सोडलं की ते आपल्या वळणावर जातं. पुन्हा वाफ दिली, काठी खिडकीच्या गजांत अडकवली, सरळ रेषेच्याही किंचित पलीकडे रेटली आणि दोरखंडाने करकचून बांधली. पार गार झाल्यावरच सोडली. एक डोळा मिटून पाहिलं, सुतासारखी सरळ! नूपुर तर मला मिठी मारून नाचली. मूठ तासली, टोकांना खाचा पाडल्या, तेल दिलं. धनुष्य तय्यार!

वहिनींना नमस्कार, लहानांना माझ्याकडून एकेक पापा.

तुझी,
चारुशीला

ता. क. : धनुष्य सुंदरच आहे. फक्त त्याला दोरी चढत नाही. मी, हे, नूपुर, सगळे लटकून झालो. ते वाकतच नाही.

ता. ता. क. : सरळ करण्याच्या नादात धनुष्याचे दोन्ही हात (मुठीच्या वरचा आणि खालचा भाग) तासून पातळ करायचे राहिले, आणि आता रंधा लावायची मला भीती वाटते. शनिवारी ये ना, दादा. नूपुरला सांगू नकोस. इकडे नागपुरात सदरला काम होतं म्हणून सहज आलो, म्हण. रंधा पिशवीत लपवून आण.