दोन ठेवून दे

४ फेब्रुवारी. पहाटे पावणेसहा, कंपनीच्या बसची वाट बघताना.
आजपासून वही. बापाला शिस्त असली की पोरीला आपोआप लागते. शाळेत मी पाचवीपर्यंतच टिकलो, पण शिस्त मला कुणी शिकवायला नको.
काल बायकोचा फोन होता. राणीसरकारांनी (वय नऊ) प्रगतिपुस्तकावर माझी सही स्वतःच ठोकून दिली. शाळेतल्या बाईंनी पकडलं कसं? सही माझ्यापेक्षा चांगली आली म्हणून. त्याआधी कात्री घेऊन वेणी उडवली. त्याआधी पाण्याच्या टाकीवर चढून दुपारभर बसली. माझ्या फोनवर तर महिना झाला, येतच नाही.
बायको म्हणते, अहो, तुम्ही रजा पुढे ढकललीत तेव्हापासून हे चाललंय. कशाचा कशाला संबंध! फोरमन म्हणाला, थांबलास तर टोळीचा मुकादम करतो, म्हणून थांबलो. घरी सांगितलं, कंपनी सोडत नाही. रजा ढकलायची ही चौथी वेळ खरी, पण आधीच्या तिन्हींची कारणं वेगळी होती.
निश्चय: यापुढे कडक.

५ फेब्रुवारी. जेवणाची सुट्टी, सातवा मजला.
आमचं काम परांची बांधायचं. पाइपाला पाइप, क्लॅम्प, स्पॅनर, चल पुढच्या मजल्यावर. तिथूनच मेहुण्याला व्हॉइस मेसेज टाकला. हा बायकोचा धाकटा भाऊ, शिंपी, आमच्या घराशेजारीच राहतो. म्हटलं, माझ्या नावानं तिला दोन ठेवून दे. वारा फार होता म्हणून ओरडून सांगितलं. दोन मिनिटांचं काम, लोक उगाच वर्षानुवर्षं पोरांच्या नावानं रडतात.

६ फेब्रुवारी. सकाळी.
मेहुण्याचा मेसेज. भाऊजी, एक दिली, दुसरी होईना.
माणूस कच्चा. असो, एकीनंही फरक पडेल.

६ फेब्रुवारी. संध्याकाळी.
फरक पडला.
पोरगी लाल गाल घेऊन शाळेत गेली. बाईंनी विचारलं, कुणी मारलं? म्हणाली, बाबांनी. बाई म्हणाल्या, अगं, बाबा तर लांब असतात ना? तर म्हणे, मारली बाबांनीच, मामानं फक्त पोचवली. मग मोठ्या बाईंनी घरच्यांना बोलावून घेतलं, तेव्हा पोरीनं मामाच्या फोनवरचा माझा मेसेज लावून दाखवला. दोनदा. वाऱ्यासकट.
शाळेनं वर कळवलं, आता बालकल्याण समितीच्या मॅडम आम्हा सगळ्यांशी व्हिडिओवर बोलणार. बारा तारखेला.

७ फेब्रुवारी.
वकिलाचा सल्ला घेतला. वकील म्हणजे आमच्या खोलीतला, खालच्या पलंगावरचा. कोर्टाच्या कॅन्टीनमध्ये तीन वर्षं कप विसळलेत. म्हणाला, मारणं गुन्हा. म्हटलं, मी कुठं मारलं? म्हणाला, मारायला लावलंस ना! तू आरोपी नंबर एक, मेहुणा नंबर दोन. म्हटलं, मारत नाही, उपाशी ठेवतो. गुन्हा. खोलीत कोंडतो. तोही. शाळाच बंद करतो. तो तर मोठा. वैतागून विचारलं, मग बापानं करायचं तरी काय? वकील म्हणाला, ती केस कॅन्टीनपर्यंत आली नव्हती.
वर म्हणाला, मॅडमच्या मनात आलं तर पोरीला संस्थेत ठेवतील.
दुपारी हातातून स्पॅनर सुटला. जाळीत अडकला, म्हणून वाचलो. फोरमननं आई-बाप काढले.

९ फेब्रुवारी.
बचाव सापडला. ‘दोन ठेवून दे’ म्हणजे दोन बिस्किटं ठेवून दे! शाळेतून भुकेली येते पोरगी. मारायचं नावच नाही. आरशासमोर चार वेळा म्हणून बघितलं, आवाजात माया येते.
वकील म्हणाला, मग मेहुण्यानं बिस्किट गालावर का ठेवलं? असले फाटे मॅडमना सुचणार नाहीत.
मेहुणा फोन उचलत नाही. बायकोनं उचलला. म्हणाली, तो दोन दिवस मशीनवर बसलेला नाही, आपला हातच बघत बसतो. आणि म्हणाली, तुमची जीभ पोचते हो इथवर, तुम्ही मात्र पोचत नाही. चिडलेली आहे. दोन दिवसांत निवळेल.

११ फेब्रुवारी.
कामात लक्ष नाही. एकच क्लॅम्प तीनदा आवळला. नखं संपली.

१२ फेब्रुवारी. दुपारी, सामानाच्या खोलीत, पाइपांवर बसून.
झालं.
पडद्यावर मॅडम, बायको, मेहुणा. कोपऱ्यात राणीसरकार, केस कानाच्या वर. मी बिस्किटांचं सांगितलं. मेहुणा रडायला लागला.
मॅडम म्हणाल्या, पहिलीच वेळ आहे म्हणून समज देऊन सोडते, पुन्हा झालं तर सरळ पोलिसांत. पुन्हा होणार नाही, असं लिहून पाठवा. मी म्हटलं, हो मॅडम. सुटलो!
मग त्यांनी तिला विचारलं, बाळा, तुला काही सांगायचंय? महिन्यानं आवाज ऐकला. म्हणाली, बाबांनी दोन सांगितल्या होत्या. एकच मिळाली. दुसरी द्यायला ते स्वतः येणार का? कधी?
मॅडमनी चष्मा काढून ठेवला. बायको दुसरीकडे बघत होती.
मी म्हटलं, हॅलो, हॅलो, आवाज तुटतोय.
तुटत नव्हता.

१३ फेब्रुवारी. सकाळी.
फोरमननं मुकादम केला. त्याच्या भाच्याला.
रजेचा अर्ज आणला. ‘कारण’ या रकान्यात लिहिलं, मुलीला दुसरी द्यायची राहिली आहे. वकील म्हणाला, गाढवा, हा कबुलीजबाब होतो. खोडलं. मग ‘मुलगी’ एवढंच लिहिलं.
खाली सही. वाकडी येत होती, तीन कागद फाडले. चौथाही तसाच दिला.
तिची खरंच चांगली येते.