ताईच्या बागेतलं मधलं झाड

४ मार्च
ताई मुलीच्या बाळंतपणाला गेली, तीन महिन्यांसाठी. किल्ल्या माझ्याकडे. काम एकच: मागच्या बागेतल्या छोट्या पामला रोज सकाळी दोन बादल्या पाणी. दोन मोठे पाम त्यांचं ते बघतील म्हणाली. छोटा पाम भावोजींनी वारण्याच्या आदल्या वर्षी लावलेला, तिचा सगळा जीव त्याच्यात. संकल्प: रोज सहाला, न चुकता. वजनमापं खात्यात छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला दोन बादल्यांचं काय.

५ मार्च, सकाळी ८.१०
सहाला उठलो होतो. नंतर पुन्हा झोपलो.

९ मार्च
पाच दिवस राहूनच गेलं. मनाला लागलं. उद्या भरपाई म्हणून दहा बादल्या. बायकोने विचारलं, पाच दिवस उपाशी राहून सहाव्या दिवशी दहा ताटं जेवाल का. तिला हिशेब कळत नाही.

२१ मार्च
आज गेलो एकदाचा. छोट्याच्या पाती आक्रसल्यात, टोकं पिवळी. धस्स झालं. तेवढ्यात ताईचा फोन. झाड मजेत आहे म्हटलं.

२३ मार्च
हुश्श. लायब्ररीतून पामवरचं पुस्तक आणलं. दोन जातींचे पाम जवळ असले तर संकर होऊ शकतो आणि हायब्रिडचं रूप दोघांच्या मधलं असतं. ताईकडचा डावा जाडजूड, रुंद पातींचा, हिरवागार. उजवा सडपातळ, अरुंद, पिवळसर. आणि छोटा बरोब्बर मधोमध. म्हणजे पाती अरुंद आहेत त्या घराण्यामुळे, पाण्याचा काही संबंध नाही. उगाच स्वतःला खात होतो.

२ एप्रिल
मोजमापं पूर्ण. पातीची रुंदी: डावा ३२ मिलिमीटर, उजवा १४, छोटा २३. मोजण्यात माझा हात धरणारं कोणी नाही. पाणी राहिलं. ओल्या पातीचं माप चुकतं.

६ एप्रिल
वनस्पती उद्यानातल्या प्राध्यापकबाईंना फोटो आणि तक्ता पाठवला होता. त्या म्हणतात इंटरेस्टिंग आहे, अगदी खालच्या जुन्या पानाची एक पाती पाठवा. खालचं पान वाळलेलं. तज्ज्ञांना शिळं काय पाठवायचं. वर मधोमध एक न उघडलेला कोंब आहे, एकदम फ्रेश. तोच देऊ. बायको म्हणाली, आधी ताईंना विचारा. सरप्राइज कोणी विचारून देतं का?

७ एप्रिल
सुरीने जमेना, करवत घेतली. पार गाभ्यापर्यंत गेलो. नमुना अर्धवट नको. आत पांढरंशुभ्र, लोण्यासारखं मऊ. का कोण जाणे, घरी येऊन दोनदा हात धुतले.

१८ एप्रिल
उत्तर आलं. बहुधा खराच हायब्रिड. असा त्यांनी आजवर एकदाच पाहिलाय. बायकोला ईमेल तीनदा वाचून दाखवली, शेवटची ओळ सोडून. शेवटी त्यांनी विचारलंय, हा कोंब आपोआप गळून पडला होता ना?

२२ एप्रिल, दुपारी ४
बाई स्वतः आल्या. वाकून बघितलं. मग म्हणाल्या, "या झाडाला वाढायची जागा एकच असते. तीच तुम्ही कापलीत."
बाजूने फुटेल का, विचारलं. नाही म्हणाल्या. आहेत ती पानं काही महिने हिरवी राहतील, पुढे काही नाही. पाती आक्रसल्या होत्या त्या तहानेने. हायब्रिड त्यांनी फोटोतल्या, पानांच्या देठांवरच्या काट्यांच्या मांडणीवरून ओळखला. काटे मी मोजलेच नव्हते.
जाताना म्हणाल्या, ताईंना तुम्हीच सांगा.

२३ एप्रिल
सांगणार होतो. फोनवर बाळ फार रडत होतं. उद्या नक्की.

१० मे
रोज पाणी घालतोय, सहाच्या ठोक्याला. पानं टवटवीत झालीत. बाईंचंही चुकू शकतं. प्राध्यापक झाल्या तरी माणूसच.

२० मे
बाईंचं चुकलेलं नाही. करवतीची जागा काळी पडलीय.

३ जून
ताई आली. चप्पलही न काढता थेट बागेत. पानांवरून हात फिरवत म्हणाली, किती छान ठेवलंस रे. मग जे कधी कोणाला सांगितलं नव्हतं ते सांगितलं. भावोजी तीन वर्षं शिडीवर चढून उजव्याचा पराग ब्रशने डाव्याच्या फुलांना लावत होते. बिया रुजत घातल्या, त्यातली एकच उगवली. तेच हे झाड. आधी जगू दे, मग लोकांना सांगू, असं ठरलं होतं त्यांचं.
"तुझ्यावर सोपवून गेले म्हणून मी तिकडे निवांत झोपले बघ," ती म्हणाली.
सांगायला तोंड उघडलं. तिला वाटलं चहा हवाय. हो म्हटलं. नालायक आहे मी.

१९ जून, सकाळी ६.००
दोन बादल्या पाणी घातलं. ताईने खिडकीतून विचारलं, नवं पान दिसतंय का. म्हटलं, अजून नाही.