दाराआडून ऐकलेलं पहिलं पान

नेयाफू, १४ जून

प्रिय लुपे,

ऑकलंडच्या थंडीत तू, लेक आणि नवी नात सुखरूप असाल. नातीचा फोटो मिळाला. नाक आपल्या घरचं आहे, तुझ्या माहेरचे काहीही म्हणोत. इकडे ठीक. डुकरीण व्यायली, माझी चटई निम्मी विणून झाली. तू नाहीस तोवर तुझ्या नवऱ्याच्या, आपल्या सायमोनेच्या, जेवणाचं मी पाहते. म्हणजे, पाहत होते.

चर्चच्या सभागृहात आठवणी लिहायचा वर्ग निघालाय. आपल्या शाळेतल्या विकाबाई शिकवतात. मी जन्म, बाप्तिस्मा, शाळा असं सगळं शिस्तीत लिहून नेलं. बाई म्हणाल्या, "मेलेनाइते, एवढं तर तुझ्या थडग्यावरही मावेल! कुणाला कधी सांगितलं नाहीस, तिथून सुरुवात कर."

मला एकच गोष्ट आठवली. सायमोने तुला मागणी घालायला निघाला, त्याच्या आदल्या संध्याकाळी आईने मला त्याला जेवायला बोलवायला धाडलं. वयात आलेली पोरं परसातल्या खोपटात निजतात, तिथे बहिणीने जवळ जायचं नसतं, लांबूनच हाक मारायची. पण आतून त्याचा आवाज आला. तू समोर बसल्यासारखा एकटाच तुझ्याशी बोलत होता. मी हाक मारली नाही. दाराआड उभी राहून सगळं ऐकलं.

ते लिहिलं. आणि गेल्या आठवड्यात वर्गाचा कार्यक्रम होता, तिथे गावापुढे वाचलं.

बायका खिदळायला लागल्या. "अगं बाई, हा घुम्या असं बोलतो?" "लुपेचं नशीब! आमच्या ह्यांनी नुसतं खाकरून विचारलं!" माझ्या बोलण्यावर आजवर कधी कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या, लुपे. मी अगदी फुलले होते. तेवढ्यात मागचं दार उघडलं. सायमोने सगळ्यांसाठी भाजलेलं डुक्कर घेऊन आला होता. तुला काय सांगायचं, बहीण-भाऊ एका खोलीत असले की बाकीचेसुद्धा प्रेमाबिमाचा विषय काढत नाहीत. इथे बहीणच बोलत होती. त्याने परात खाली ठेवली, मान खाली घातली आणि निघून गेला.

तो आत आलेला मला दिसला होता, लुपे. थांबता आलं असतं. अर्धं पान उरलं होतं, आणि लोक हसत होते. मी वाचत राहिले.

मोठ्या बहिणीला तो बोलणार तरी काय? रविवारी हंगामातली पहिली कोनफळं रीतीप्रमाणे माझ्या पायरीवर ठेवून गेला. एरवी "ताई, यंदा मोठी निघालीत" असं ओरडून जायचा. या वेळी हाकही नाही. चार शब्द सुनावले असते तर मी सुखाने जेवले असते. ती कोनफळं शिजवायचा मला धीर होत नाही. गळ्यात पानांची माळ घालून त्याच्या दारात माफी मागायला बसले, तर थोरल्या बहिणीला जमिनीवर पाहून तो आणखीच शरमेल. मला तोही मार्ग नाही.

म्हणून तुला लिहिते. तो काय म्हणाला होता, ते इथे लिहीत नाही. ते तुझ्या एकटीचं होतं, आणि सगळ्या गावाने ऐकलं. मला क्षमा कर.

ते पान चुलीत घातलं. आज नव्याने सुरुवात केली: 'आमच्या परसात पोरांचं खोपट होतं. मी तिकडे कधी फिरकले नाही.' खोटं आहे, आणि विकाबाई काट मारतील. तरी माझ्या आठवणी इथूनच सुरू होणार.

त्याच्याशी फोनवर बोलशील तेव्हा सहज माझं नाव काढ. तो किती वेळ गप्प राहतो, तेवढं कळव.

अजून त्याची बहीणच असलेली,
मेलेनाइते