बाबांना विकलेली पोंटियाक

हॅम्ट्रॅमिक, मंगळवार

प्रिय जेरार्ड,

‘प्रिय’ हाताच्या सवयीने लिहिलं गेलं. खोडणार होते, पण मग राहू दिलं. आईला खाडाखोड केलेली पत्रं आवडायची नाहीत. फोन तू उचलत नाहीस. तुझ्या जुन्या गाड्यांच्या दुकानात केला तर ती बाई गोड आवाजात सांगते, ‘साहेब गिऱ्हाइकाबरोबर आहेत.’ टोलिडोत एवढी गिऱ्हाइकं असतील असं मला वाटलं नव्हतं. तर आता दोन मिनिटं खाली बस आणि हे वाच. मधेच फाडून टाकलंस तर मी तिथे येईन आणि तुझ्या गिऱ्हाइकांसमोर मोठ्याने वाचून दाखवीन. मी तसं करू शकते हे तुला ठाऊक आहे.

रविवारी मी बाबांकडे गेले होते. ते जानेवारीपासून माझ्या मागे लागले होते, ‘बर्नी, एकदा गाडी बघून जा, एकदा चालवून बघ.’ मी टाळत होते. आठवडाभर ठोकलेल्या, जळलेल्या, बुडालेल्या गाड्या बघून विम्यासाठी त्यांची किंमत ठरवायची, आणि सुट्टीच्या दिवशी पुन्हा गाडीच बघायची? शिवाय तू त्यांना बजावलं होतंस म्हणे, ‘बर्नीला कशाला दाखवता, तिला प्रत्येक गाडीत अपघातच दिसतो.’ बाबांनी हे मला हसत हसत सांगितलं. मीही हसले. तेव्हा हसले याचाच मला आता सगळ्यात जास्त राग येतोय.

त्या गाडीसाठी बाबा किती झुरत होते हे तुला माझ्याइतकंच माहीत आहे. जन्मभर ज्या पोंटियाकच्या कारखान्यात राबले, ते नाव बंद होण्याआधी निघालेली ती शेवटची तडफदार गाडी. दिसायला चार दारांची, मागे सामान मावेल अशी सभ्य. पायाखालचं पॅडल जरा दाबलं की मात्र पाठ सीटला चिकटते. ती ऑस्ट्रेलियात तयार होऊन जहाजाने इकडे यायची, त्यावरून शेजारचे चिडवायचे, तर बाबा म्हणायचे, ‘नाव आपलंच आहे ना? मग झालं.’ नवी घ्यायची ठरली त्याच वर्षी आईचं दुखणं निघालं. त्यानंतर त्यांनी गाडीचा विषय काढला नाही. आई गेली, दोन हिवाळे ते त्या घरात एकटे बसले, आणि मग एक दिवस तू फोन केलास की माझ्या आवारात काळी पोंटियाक जी-एट आलीय, बाबा, तुमच्यासाठीच बाजूला ठेवलीय. जेरार्ड, त्यांनी त्या दिवशी मला तीनदा फोन केला. तिसऱ्यांदा काय सांगायचं होतं हेच ते विसरले होते.

तर रविवारी मी गेले. अंगणातला बर्फ नुकताच वितळलेला, सगळीकडे चिखल, आणि गॅरेजमध्ये ती गाडी अशी चकचकीत की डोळे दिपावेत. बाबांनी दाढी केली होती. आईचा निळा शर्टही घातला होता, म्हणजे आईने त्यांच्यासाठी शेवटचा घेतलेला तो. बादली उलटी टाकून त्यावर बसले आणि म्हणाले, ‘हं, मॅडम, करा तपासणी. पण खरं सांगायचं हं, बाप आहे म्हणून मार्क वाढवायचे नाहीत.’

इंजिन चालू केलं. आवाज भरदार, एकसारखा, कुठे खरखर नाही. एवढं तर मी मान्य करते. अनोळखी माणसाने विचारलं असतं तरी मी सांगितलं असतं की या गाडीचं इंजिन दणकट, त्याचे भाग आजही मिळतात, कारण तसंच इंजिन दुसऱ्या गाड्यांतही होतं. भीती बाकीच्याची. पुढचे दिवे, पत्रा, आतल्या वस्तू आता कुणी बनवत नाही. एखादा कोपरा जरी फुटला तरी भंगाराची आवारं पालथी घालावी लागतात. म्हणून अशी गाडी घेताना तिने आधी काय भोगलंय ते बघायचं, मग बाकीचं. हे मी बाबांना समजावत होते आणि ते मान डोलावत होते.

आत आरशाला वास दडवायची ती कागदी सुगंधी झाडं टांगलेली, तीन. तीन! एक पुरे असतं रे. मी सीटचा पट्टा धरला आणि पार शेवटपर्यंत ओढला. कुणी तो इतका ओढत नाही, म्हणून कुणी तो धूतही नाही. टोकाकडे पट्ट्यावर आडवी तपकिरी रेघ होती. पुराचं पाणी तिथपर्यंत चढून थांबलं होतं. सीटखाली हात घातला तर बोटांना गंज लागला. मागे जादा चाकाच्या खड्ड्यात वाळलेला गाळ, बारीक, पिवळट. आमच्या मिशिगनचा गाळ असा नसतो. ही गाडी कुठल्या तरी दक्षिणेतल्या पुरात गळ्यापर्यंत बुडाली होती, आणि तिचे कागद दोन राज्यांतून फिरवून कुणीतरी त्यांवरची पुराची नोंद पुसून घेतली होती.

बाबांकडे बघायचा धीर होईना. मी डॅशबोर्डखाली डोकं घातलं, वायरी बघायच्या म्हणून. जोड पाण्याने हिरवे पडले असणार असं वाटलं होतं. पण निम्मे जोड घासूनपुसून लख्ख केलेले, त्यांवर नवी काळी टेप, आणि टेपचं टोक दुमडून ठेवलेलं, पुढच्या वेळी नखाने सोडवता यावं म्हणून. असं दुमडणारा माणूस मला जगात एकच माहीत आहे.

मी बाहेर आले. म्हटलं, ‘बाबा, ही गाडी पाण्यात होती.’

‘हो,’ ते म्हणाले.

‘तुम्हाला कधी कळलं?’

‘घरी आणली त्याच संध्याकाळी. पट्टा ओढून बघितला. तुला पट्टा ओढायला कुणी शिकवलं, विसरलीस का?’

मला त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं. मग परत का नाही केलीत? त्याला का नाही विचारलंत? ते बादलीवरून उठले, फडक्याने नसलेला डाग पुसत राहिले. मग म्हणाले, ‘अगं, पहिल्या रविवारी जेरी टायर बघायला आला. दुसऱ्या रविवारी शॉक ॲब्सॉर्बर बघायला. त्याच्या पुढच्या रविवारी तर काहीच काम नव्हतं, तरी आला. जेवला. आईच्या खुर्चीवर बसला. गाडी परत केली असती तर कशाला आला असता?’

तू वाचतोयस ना? बटाट्याच्या सारणाचे ते गोठवलेले पिएरोगी बाबा तव्यावर जाळतात आणि तू ते ‘मस्त झालेत’ म्हणत खाल्लेस, हे त्यांनी मला असं सांगितलं की जणू बिशप जेवून गेले. म्हणजे त्यांनी बुडालेली गाडी जाणूनबुजून ठेवून घेतली, कारण तिच्या निमित्ताने मुलगा घरी येत होता. आणि तुला वाटलं म्हातारा फसला. पैसे खात्यात जमा झाले, आणि मार्चपासून तुझे रविवार संपले.

आणि ती गाडी बंद पडते, जेरार्ड. हेही मला त्यांनी सांगितलं नाही, शेजारच्या मोतालिबभाईंनी कुंपणावरून सांगितलं. मागच्या महिन्यात हायवेवर चढताना ती मधेच गपकन बंद पडली. मागून ट्रक येत होते. मोतालिबभाई योगायोगाने मागच्या गाडीत होते; त्यांनी उतरून ढकलत कडेला घेतली. बाबांनी त्यांना शपथ घातली की माझ्या मुलीला सांगू नका. ‘पण मला पण वडील होते, म्हणून सांगतो,’ असं म्हणाले ते. परका माणूस हे बोलला.

एवढं सगळं झाल्यावरही मी कदाचित तुला नुसतं फोनवर झापलं असतं. पण किल्ली फिरवली तेव्हा एक गोष्ट माझ्या नजरेतून सुटली नव्हती. एअरबॅगचा लाल दिवा क्षणभर लागून विझायला हवा. तो लागलाच नाही. मी बॅटरी सोडवली, उरलेली वीज उतरेपर्यंत थांबले, आणि स्टीअरिंगच्या मधलं झाकण बघितलं. कडेने गोंद लावला होता. पातं घालून उचकटलं. आत एअरबॅग नव्हती. ती कधीच, कुठल्या तरी अपघातात फुटून गेली होती. त्या पोकळीत, झाकण दबू नये म्हणून, एक पिवळा टीशर्ट घडी करून कोंबला होता. मी तो उलगडला. छातीवर तुझ्या दुकानाचं नाव. खाली तुमच्या सॉफ्टबॉलच्या टीमचं चित्र. मागच्या वर्षी तू आम्हा सगळ्यांना वाटले होतेस तसलाच. माझ्या कपाटातही एक आहे.

आपल्या बापाच्या छातीसमोर, जेरार्ड. ज्या जागी त्यांचा जीव वाचवणारी वस्तू हवी, तिथे टीशर्ट. जानेवारीपासून ते त्या टीशर्टसमोर बसून उपवासाच्या शुक्रवारची मासळी खायला चर्चमध्ये जातात, डॉक्टरकडे जातात, आईच्या थडग्यावर जातात. मी रोज फुटकी स्टीअरिंग बघते. त्यांच्यावर काय लागलेलं असतं ते तुला सांगू का? नाही सांगत. तूही या धंद्यात आहेस, तुला माहीत आहे.

पाण्याचं बाबांना ठाऊक होतं. हे ठाऊक नव्हतं. त्यांनी तो टीशर्ट माझ्या हातातून घेतला. मी वाट बघत होते की आता तरी हा माणूस ओरडेल, काहीतरी फेकेल. त्यांनी त्याची नीट घडी घातली. म्हणाले, ‘दुकानातल्या कुणीतरी केलं असेल. जेरी असं करणार नाही.’ मी म्हटलं, ‘बाबा!’ तर आवाज चढवून म्हणाले, ‘करणार नाही म्हटलं ना!’ आणि आत जाऊन कॉफी टाकली. टीशर्ट मागितला तर मला दिला नाही. मी फोटो काढले होते, एवढं बरं.

तो तू स्वतःच्या हाताने कोंबलास, की कुणाला सांगून कोंबवलास, की नुसतं बघून न बघितल्यासारखं केलंस, मला फरक पडत नाही. मला तुझं स्पष्टीकरण नको. धंदा मंदीत आहे, हप्ते थकलेत, हे सगळं तू आईच्या वेळीही सांगितलं होतंस, आणि आई प्रत्येक वेळी तुझ्या बाजूने बोलली. मी तिच्यासारखी नाही. येत्या सोमवारी सकाळी मी तुझ्या दुकानाची तक्रार राज्याच्या कचेरीत करणार आहे, फोटोंसकट. कारण त्या आवारात अजून गाड्या उभ्या आहेत आणि त्या कुणाच्या तरी बाबांना, कुणाच्या तरी पोरीला विकल्या जाणार आहेत. हे तुला घाबरवायला लिहीत नाही. तू रडलास, माफी मागितलीस, पैसे परत केलेस, तरी तक्रार होणार. सौदा समजू नकोस.

गाडीची किल्ली माझ्या पर्समध्ये आहे. बाबा भांडतील असं वाटलं होतं, पण त्यांनी ती मुकाट्याने दिली. मला वाटलं, दमले. मी कोट घालून दारात पोचले तेव्हा मागून म्हणाले, ‘बर्नी, जेरीला एक निरोप देशील? मागच्या डाव्या दारातून कसला तरी आवाज येतोय. मला काही सापडत नाही. रविवारी वेळ असेल तर बघून जा म्हणावं.’ जेरार्ड, त्या माणसाने कारखान्यात उभं आयुष्य दारं बसवण्यात घालवलं. मी परत गॅरेजमध्ये गेले. ते दार उघडलं, मिटलं, हलवलं, कान लावून ऐकलं. कसलाही आवाज येत नाही. एवढाच निरोप द्यायला मी हे पत्र लिहायला बसले होते, बाकीचं आपोआप आलं. रविवारी जा. मी तिथे नसेन, त्यांनी तुलाच बोलावलंय. आणि गेलास तर उंबऱ्यावरच खरं काय ते सांग. ‘दुकानातल्या कुणीतरी’ असं म्हणालास तर ते लगेच विश्वास ठेवतील, आणि ते मी तुला कधीही माफ करणार नाही.

तुझीच, कारण दुसरा भाऊ मला नाही,
बर्नी