कल चाचणी उद्या नव्हती

आर्वी,
१८ नोव्हेंबर २००३

चि. रुचिकास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुमच्या दिल्लीच्या समितीने माझ्या शाळेतली एक हुशार मुलगी बिनकामाची ठरवली आहे आणि तिचे वडील शाळेतून तिचे नाव काढायला निघाले आहेत, म्हणून हे पत्र. खुशालीचे नंतर.

देशभरच्या शाळांतले व्यवसाय मार्गदर्शन एका मापाने व्हावे म्हणून तुम्ही राष्ट्रीय मानके लिहीत आहात. मसुदा तपासायला आमची शाळा घेतलीत, याचा मुख्याध्यापिका म्हणून मला अभिमान वाटला. त्यात काम करणारी मुलगी माझी भाची आहे आणि याच गावात शिकली, हे मी शिक्षकांच्या खोलीत दोनदा सांगितले.

आता काय झाले ते वाच. वर्ध्याहून तुमचे अधिकारी आले. आमच्या शिपायाने, रूपरावाने, परिपत्रकावरचा मथळा फळ्यावर उतरवला : कल चाचणी, दहावी. तुम्हा पुस्तकी लोकांच्या मराठीत कल म्हणजे मनाचा ओढा. आमच्या पोरींच्या घरी अर्धी हिंदी चालते, त्यांच्यालेखी कल म्हणजे उद्या. चाचणी त्याच दुपारी होती, पण ती उद्या आहे असे समजून अर्धा वर्ग मधल्या सुट्टीत कापूस वेचायला गेला. दुसऱ्या दिवशी पेन्सिलींना टोके काढून सगळ्या हजर! अधिकारी केव्हाच परतले होते. निकालात या मुलींपुढे छापून आले : कल आढळला नाही. माझ्या हाती पडण्याआधीच ते कागद घरोघर गेले.

त्यातली एक स्वीटी उईके. वडील घनश्याम जंगल खात्यात रोजंदारीवर. पोरीला वनरक्षक व्हायचे आहे. ते मला म्हणाले, बाई, सरकारनंच लिहून देल्लं का पोरीले कल नाई, मंग तिले शाळेत काऊन ठेवू? फेरचाचणी मागितली, तर तुमच्या मसुद्यातल्या कलम सातप्रमाणे संधी एकच, असे उत्तर आले. हे कलम कोणाच्या डोक्यातून निघाले, ते कळव.

तुझी आत्या,
मंदा

---

दिल्ली,
२५ नोव्हेंबर २००३

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

तुझे पत्र मी खुर्चीत ताठ बसून वाचले. जणू तू मागच्या बाकाजवळ उभी आहेस. कलम सात माझेच. कल हा शब्दही मीच सुचवला. आता रागावून घे.

पण कलम का घातले तेही ऐक. मनासारखे गुण पडेपर्यंत काही शाळा मुलांना पुन्हा पुन्हा बसवत होत्या. श्रीमंताच्या मुलाला तीन संधी आणि बाकीच्यांना एक, असे चालले होते. ते थांबवण्यासाठी मी भांडून हे कलम घेतले. ते सरसकट काढू देणार नाही, तू सांगितलेस तरी नाही.

पुढच्या बैठकीत शाळांच्या लेखी सूचना घेणार आहेत. राग नको, त्यांना वापरता येईल असे वाक्य पाठव. तोवर घनश्यामभाऊंना थोपवून धर. तुला नाही म्हणणे मला आजवर जमलेले नाही, त्यांनाही जमणार नाही.

तब्येत सांभाळ, मला दटावायला तुला ताकद लागेल.

तुझी,
रुचिका

---

आर्वी,
२ डिसेंबर २००३

चि. रुचिकास आशीर्वाद.

तुझे म्हणणे पटले. पहिल्यांदाच लिहिते आहे, जपून ठेव.

वाक्य हे : गैरहजेरीला निष्कर्ष समजू नये, जो चाचणीला बसलाच नाही त्याची संधी शिल्लक आहे, सूचना मुलांच्या रोजच्या बोलण्यात तोंडी द्यावी, आणि पालकांना समजावून सांगितल्याशिवाय निकाल शाळेबाहेर जाऊ नये.

घनश्यामभाऊंकडे जाऊन आले. तुमचा कागद त्यांनी देवाजवळ ठेवला होता, सरकारी म्हणून. मी म्हटले, हा निकाल नाही, ही गैरहजेरी आहे. त्यावर ते म्हणाले, तुमीच शाळेतून धाडता अन् तुमीच खोटा म्हणता, कोणतं धरू? शाळा सोडल्याच्या दाखल्याचा अर्ज त्यांनी दिलाच. मी तो घेतला, पण दाखला लिहिणारा कारकून रजेवर आहे. रजा मीच दिली. फार दिवस देता येणार नाही.

मंदा

---

दिल्ली,
१२ डिसेंबर २००३

ती. आत्यास शि. सा. न.

तुझे वाक्य वाचून दाखवले. अध्यक्ष म्हणाले, एका तालुक्यातल्या एका शब्दासाठी देशाचे मानक बदलत नसते. मी उठले, फळ्यावर कल चाचणी असे लिहिले आणि लखनौ-भोपाळच्या सदस्यांना विचारले, हे वाचून आपण परीक्षेला कधी याल? सगळे म्हणाले, कल! अध्यक्षांसकट. मग तेच आधी हसले.

तुझे वाक्य जसेच्या तसे कलम सातात गेले. संधी एकच राहिली, पण बसलेल्याला. मराठी शब्दही बदलला. वर्ध्याच्या अधिकाऱ्यांना फेरचाचणीचे पत्र निघाले आहे. आत्या, तिथे मी उभी होते, पण आवाज तुझाच निघत होता.

रुचिका

---

आर्वी,
९ जानेवारी २००४

चि. रुचिकास अनेक आशीर्वाद.

राहिलेल्या मुलींची चाचणी झाली. स्वीटी आकृती आणि दिशाज्ञानात वर्गात पहिली आली. आज तिच्या आईवडिलांना बोलावून निकाल समजावला. आई भागाबाईंना तो गोंडीत स्वीटीनेच सांगितला. स्वतःची स्तुती सांगताना पोरगी आवाज बारीक करू लागली, तेव्हा नीट मोठ्याने सांग म्हणून मी दटावले. ही गार्ड झाली तर मंग माई हजेरी हेच लावन का, असे घनश्यामभाऊंनी विचारले. मी म्हटले, उशिरा आलात तर लावणारही नाही. भागाबाई एवढ्या हसल्या की शेजारच्या वर्गातून मुली डोकावल्या.

तू बरे काम केलेस. मी हे सहसा म्हणत नाही, म्हणून लिहून पाठवते. या म्हातारीवर जीव आहे तसाच राहू दे.

आजची नोंद तुझ्या समितीसाठी उतरवून देते :
दिला : नवा निकाल, भागाबाई उईके यांच्या हाती, समजावून.
परत दिला : शाळा सोडण्याचा अर्ज, घनश्याम उईके यांच्या हाती. त्यांनी तो इथेच फाडला.
विद्यार्थिनी : वर्गात.

मंदा