पडद्याची रुंदी

३ फेब्रुवारी

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

खडखड, खडखड, क्षणभर शांतता, पुन्हा खडखड. माझ्या लहानपणी भिंतीपलीकडे टेपआजीच्या आईचं शिवणयंत्र असं चालायचं आणि अलीकडे मी त्या तालावर शाळेतल्या कविता पाठ करायचो. तिकडे दोरा तुटला की इकडे माझी ओळ तुटायची. अजूनही तिसऱ्या कडव्यात मी उगाच थांबतो. आपल्या माणसांवरचा माहितीपट कोणत्या आवाजाने सुरू करू, असं विचारलंस. याने कर.

पण तो मिळणार कुठून? ‘ज्यू इथे नकोत’ असं भिंतीवर लिहून टेपआजीच्याच भाच्याने आपलं प्रार्थनागृह पेटवलं, तेव्हापासून आईमागे तिच्याकडे आलेलं ते यंत्र गप्प आहे. भाचा तुरुंगात, आणि हिने स्वतःला घरात कोंडून घेतलंय. धर्मग्रंथांच्या कपाटापुढचा जो पडदा जळाला, तो तिनेच शिवला होता. समितीने दुकानातून नवा आणला, तो वीतभर आखूड. वाढत्या पोराची विजार जशी. भिंती रंगल्या, बाकं आली, माणसंही परतू लागली. मला माझी शेजारीण परत हवी आहे. चित्रीकरणाला आलीस की तिला गाठ.

लोभ आहेच, त्याला अधूनमधून पत्राचं पाणी घालत जा.
आजोबा

१९ मार्च

ती. आजोबांस,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

घरी परत पोचले, पण पायाला प्लास्टर घालून. जिन्यात कॅमेरा वाचवला, घोटा नाही. तुमचं कवितावाचन पाऊण तास भरलं, त्यातलं दीड मिनिट ठेवलंय. रुसू नका.

निघताना टेपआजीकडे गेले होते. तिने दार उघडलं नाही. आतूनच म्हणाली की भाच्याला तिनेच वाढवलं, आता कोणत्या तोंडाने आपल्या माणसांत यावं. आग तिने लावली नाही, हा तुमचा निरोप दिला. मग नवा पडदा आखूड पडल्याचं सांगितलं. तशी आतून विचारणा झाली, रुंदी किती? मला कुठे ठाऊक!

चेहरा नको, आवाज चालेल म्हणाली. म्हणून बंद दार आणि तो प्रश्न, एवढंच घेतलंय. लोकांना खटकलं तर तेही काढावं लागेल. आधी सगळ्यांना दाखवा, मग कळवा.

तब्येत जपा. कात्री मी फक्त फिल्मला लावते, मायेला नाही.
तुमची चिमणी

६ एप्रिल

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

काल प्रार्थनागृहातच माहितीपट दाखवला. बंद दार आलं तसा बेकरीवाला ताडकन उठला. आग विझवताना त्याचेच हात भाजले होते. तेवढ्यात तो प्रश्न आला आणि अंधारातून त्याच्या बायकोने सहा फूट म्हणून उत्तर दिलं. मागून कोणी सात म्हणालं. झालं, दिवे लागले, वाद जुंपला. शेवटी बेकरीवाल्याने स्वतःच्या त्या हाताने वीत टाकत कपाटाची रुंदी मोजली, दोनदा मोजली, दोन्ही वेळा वेगळं आलं. किती दिवसांनी तिथे हसू ऐकलं. तो मात्र हसला नाही. तसाच निघून गेला.

तो भाग काढू नकोस, असं लिहिणार होतो. पण त्याच्या जाण्याने हात अडखळतोय. टेपआजीला काय सांगावं, तेही सकाळपासून जुळवतोय. जन्मभर कविता म्हटल्या आणि दोन साधी वाक्यं सुचेनात.

थांब, कोणी दार वाजवतंय.

चिमणे, दारात बेकरीवाला उभा आहे, खांद्यावर तो आखूड पडदा. त्याच्यामागे टेपआजी, गळ्यात टेप. याची वीत पावासारखी फुगते, तिच्या भरवशावर खालच्या जोडपट्टीचं कापड फाडायचं का, असं मलाच दटावतेय. टेपचं दुसरं टोक धरायला चल म्हणतेय.

चप्पल शोधतो.