पाच तासांचं विमान

विश्रांतवाडी, पुणे
१२ मे २०२५

चि. मैत्री हीस,
अ. आ. व जयभीम.

तुझ्या पदवीदानाला तुझी आई एकटी येणार. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन ताजं, त्यामुळे नाइलाज. आधी तिने साफ नकार दिला. नाशिकच्या पलीकडे बसवत नाही म्हणाली. मग मी तिकीट हातात घेतलं. बत्तीस वर्षं एसटीत वाहतूक नियंत्रक होतो, मला वेळापत्रक कोण शिकवणार? दिल्लीपर्यंत दोनच तास, तिथे रात्रीचा मुक्काम; पुढचं विमान दिल्लीहून सकाळी अकराला सुटतं, टोरांटोला दुपारी चारला पोचतं. म्हणजे पाच तास, नाशिकएवढेच! हे ऐकून स्वारी तयार झाली.

मोबाईल मला जमत नाही, म्हणून या पत्राचा फोटो तीच पाठवते आहे.

तुझा,
बाबा (कचरू साळवे)


टोरांटो
१३ मे २०२५

ती. बाबांना,
स. जयभीम.

आधी पोट धरून हसले, मग घाबरले. बाबा, अकरा हजार सहाशे किलोमीटर पाच तासांत? इथलं घड्याळ साडेनऊ तास मागे असतं, ते मिळवा. प्रवास साडेचौदा तासांचा आहे. आईची शुगर, तिच्या गोळ्या, खाणं, सगळं तुम्ही पाच तासांच्या हिशेबाने बांधून दिलं असेल.

तिला खरं सांगा. सहा वर्षं प्रयोगशाळेत घासल्यावर त्या दिवशी समोर आपलं माणूस हवंच आहे. ती आली नाही तर मी रडेन, पण तिला फसवून आणू नका.

गुडघा जपा, माझ्यावर रागावू नका.

तुमची,
मैत्री


टोरांटो
१४ जून २०२५

ती. मैत्रीच्या बाबांना,
स. जयभीम.

पोचल्याचं फोनवर सांगितलंच. बाकीचं मुद्दाम लिहिते आहे, म्हणजे तुम्हाला मध्येच तोडता येणार नाही.

अहो, लेकीला रोज फोन करून उठवतं कोण? तिचे सकाळचे सहा म्हणजे आपले उन्हाळ्यात दुपारचे साडेतीन, थंडीत साडेचार. तुमचे पाच तास ऐकले तेव्हाच मी साडेचौदा मोजले होते. तिचं पत्रही मोबाईलवर मीच तुम्हाला उघडून दिलं. नंतर महिनाभर तुम्ही तोंड उघडलं नाहीत, नुसत्या माझ्या पिशवीत गुपचूप जास्तीच्या गोळ्या सरकवत राहिलात. मला हसू आवरत नव्हतं.

नाशिकचं कारण खोटंच होतं. ऑपरेशन झालेलं माणूस एकटं टाकून निघायला मन घेत नव्हतं. पण मला धाडायला तुम्ही इतक्या हौसेने वजाबाकी केलीत, म्हटलं आता जावंच. विमानात मनगटावर पुण्याचीच वेळ ठेवली, त्याच वेळेप्रमाणे गोळ्या घेतल्या, जेवले. पायसुद्धा सुजले नाहीत!

काल सभागृह गच्च भरलं होतं. माईकवरून पुकारलं, डॉक्टर मैत्री कचरू साळवे. शाळेत ज्या नावावरून तुम्हाला हसायचे ना, ते नाव अख्ख्या सभागृहात घुमलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी उभी राहून जयभीम म्हणून ओरडले. शेजारची गोरी बाई दचकली, मग तीही उठून टाळ्या वाजवायला लागली.

परतीचे तास मी मोजले आहेत, तुम्ही मोजू नका. गुडघ्याचा व्यायाम करा आणि मला न्यायला विमानतळावर स्वतःच्या पायांनी या. लोभ आहे तेवढाच असू द्या, वजाबाकी नको.

आपली,
शालन